दुरुस्त केलेल्या बोरी

येडशी ते धाराशिव या सहा कोसांच्या रस्त्यावर देवानं केली तशी राहिलेली एकही बोर तुम्हाला सापडणार नाही. ज्या आहेत त्या सगळ्या आमच्या उस्तादांनी दुरुस्त केलेल्या आहेत. मी गोष्टी फुगवून सांगतो असा माझा आमच्या भागात लौकिक आहे आणि तो मला मान्य आहे. पण उस्तादांच्या बाबतीत मला कधी तसदी घ्यावी लागली नाही. ते मुळातच फुगवून जन्माला आलेले होते. अंगानं मात्र उभ्या काठीसारखे. दाढी मेंदीनं रंगवलेली, डोक्यावर रंग उडालेली लाल तुर्की टोपी आणि कमरेला चामड्याच्या म्यानातला चार बोटांचा चाकू. त्या चाकूनं एकदा त्यांच्या बेगमनं कांदा चिरला, तर हे तीन दिवस घरी जेवले नाहीत. बेगमवर राग नव्हता. चाकूला वाईट वाटलं असेल, म्हणून त्याला सोबत करत होते.

निजामाच्या अमदानीतली ही गोष्ट. तिकडं विलायतेत लढाई पेटलेली होती आणि इकडं येडशीला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर सरकारी बाग होती. कुठल्याशा तहसीलदाराच्या मनात आलं, की रयतेला नुसती ज्वारी-करडई येते, फळझाडं येत नाहीत, तर ती शिकवावीत. चार एकर जमीन, एक विहीर, एक मोट आणि पत्र्याची एक लांबट पडवी एवढ्यावर हा मदरसा सुरू झाला. दर चैत्राला गावोगावचे सोळा गडी यायचे, चार महिने पडवीत राहायचे आणि माळीकाम शिकून जायचे. शिकवणारे दोघं. झाडं उस्तादांकडं आणि भाजीपाला, फुलं, पाणी हे सगळं माळीणकाकूंकडं. काकू म्हणजे स्टेशनामागच्या मळ्यातली विधवा बाई, पदर खोचलेला, आवाज असा की मोटेचे बैल पलीकडच्या मळ्यातले सुद्धा थांबायचे. मी तेवीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं आणि शेतात माझा काही उपयोग होत नाही हे वडलांच्या ध्यानात आलेलं होतं. त्यांनी मला चार महिन्यांसाठी बागेत पाठवलं. मी सात वर्षं राहिलो. मला उर्दू लिहिता-वाचता येत होतं आणि उस्तादांना झाडाखेरीज काहीच वाचता येत नव्हतं, म्हणून बागेचे कागद लिहिणं-सांभाळणं माझ्याकडं आलं.

उस्तादांचा पहिला नियम, पंधरा दिवस चाकूला हात लावायचा नाही. या पंधरा दिवसांत शिकाऊ गड्यांनी नुसतं झाडापुढं उकिडवं बसायचं. "काय करायचं बसून?" असं माकणीच्या एका पाटलानं विचारलं. त्या पाटलाची घरी दीडशे एकर होती आणि पोरानं कंटाळून त्याला आमच्याकडं धाडलेलं होतं. उस्ताद म्हणाले, "काही नक्को करू. झाडांना तुला पाहून घेऊ दे. उद्या तू त्यांच्या अंगाला चाकू लावणार. अनोळखी माणसाकडून तू दाढी करून घेशील का?" पाटील बसला. आठव्या दिवशी तो एका पेरूपुढं घरातल्या कटकटी सांगत होता, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

दुसरी खोड अशी, की उस्ताद झाडाला आप म्हणायचे आणि माणसाला तू. पपईच्या आडून जायचं झालं तर "आप जरा सरका" म्हणायचे आणि पपई सरकली नाही तर आपण वळसा घालून जायचे. माणूस आड आला तर सरळ कोपरानं बाजूला. एकदा काकूंनी वाफ्यातूनच विचारलं, "उस्ताद, झाडाला आप आन् मानसाला तू, हे कसलं हो? आमी काय झाड व्हावं का आता?"

"बाई, तुम्हाला तर मी तुम्ही म्हणतो."

"मला घाबरून म्हणता. माझ्या भेंडीला काय म्हणता ते सांगा."

"भेंडीला काय म्हणायचं? दीड महिन्यात आली आणि गेली. मुसाफिर आहे ती. तिच्याशी ओळख वाढवण्यात काय मतलब?"

"मग दुपारच्याला कालवणात बोरीचा पाला घालत जा," काकू म्हणाल्या आणि त्या दिवशी उस्तादांच्या घरी भेंडी गेली नाही.

पण खरा आजार बोरीचा. बागेत एक बोर होती, उस्तादांच्या वडलांनी कुठूनशी आणून लावलेली. तिचं एक बोर खाल्लं की दुपारची भाकर चुकायची आणि दोन खाल्ली तर माणूस दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला नको म्हणायचा. त्या बोरीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढायचा, रानबोरीच्या कोवळ्या फुटव्याला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि केळीच्या सोपटानं गुंडाळायचा. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा धरला की खाली मूळ रानबोरीचं आणि वर फळ गोड. काम एवढंच. पण उस्तादांना ते जडलं होतं. चैत्रात हे करवत घेऊन रस्त्याला लागायचे आणि दिसेल ती रानबोर गुडघ्याएवढी कापून ठेवायचे. आषाढात तिला फुटवे आले की ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून परत त्याच रस्त्यानं डोळे भरत जायचे. कुणाचं रान, कुणाचा बांध, हे विचारायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्याबरोबर मी एकदा येडशीहून धाराशिवला पायी गेलो. सहा कोसांना आम्हाला तीन दिवस लागले. वाटेत एक बैलगाडीवाला भेटला, तो बाजार करून परत आला तरी आम्ही त्याच वळणावर. वाशीला एका निकाहात हे गवाह होते. काझीसाहेब, नवरदेव, अवघं वऱ्हाड ताटकळलेलं, आणि उस्ताद दुपार कलल्यावर हातात बोरीच्या काट्यांचे ओरखडे घेऊन पोचले. नवरीचा बाप तापला. हे शांतपणे म्हणाले, "कुबूल काय, सांजेला पण कुबूलच झालं असतं. डोळा तोवर वाळला असता."

आणि जवळ असेल त्याला धरायला लावायचं. फांदी धर, सोपट धर, टोपी धर. आमच्या बागेत आलेला माणूस रिकाम्या हातानं उभा राहिलेला मी पाहिला नाही.

अशा या माणसाच्या हातून एक चूक झाली आणि ती फक्त त्यांच्याच हातून होऊ शकत होती.

धाराशिवच्या रस्त्याला लागून दोन भावांची शेतं होती. वाटण्या झालेल्या, बोलणं बंद. मधल्या बांधावर दहा-बारा रानबोरी होत्या आणि त्यातल्या एका दांडग्या बोरीवरून त्यांचं वाकडं होतं. पण कसं वाकडं? थोरला म्हणायचा, ही बोर तुझी, हिची सावली माझ्या पिकावर पडते, तोड. धाकटा म्हणायचा, बोर तुझीच, हिचे काटे माझ्या बैलाच्या पायात जातात, तू तोड. दोघांनी तहसिलीत दरखास्ती दिल्या होत्या, अंगठे उठवून, की सदरहू काटेरी बोर माझी नसून माझ्या भावाची आहे. तहसिलीनं त्या दरखास्ती नीट बासनात बांधून ठेवल्या होत्या आणि मग ती त्या विसरून गेली होती. एका चैत्रात उस्ताद तिथून गेले. त्यांनी बोर गुडघ्याएवढी कापली. दोन्ही भावांना वाटलं, दुसऱ्यानं अखेर ऐकलं. आषाढात उस्तादांनी डोळा भरला. त्याच्या पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला बोरीला पिवळी धमक बोरं आली, आणि दोन्ही भाऊ तहसिलीत गेले, की सदरहू गोड बोर माझी आहे, माझ्या भावाची नाही.

कचेरीतल्या कारकुनानं, म्हणजे पेशकारानं, जुनं बासन सोडलं आणि तहसीलदारांपुढं चार कागद ठेवले. हे तहसीलदार नवे होते, मूळचे हैदराबादचे, काळी शेरवानी, बोलणं कमी. त्यांनी चारही कागद वाचले आणि विचारलं, "काटेरी होती तेव्हा तुमची नव्हती. गोड कशानं झाली?"

तिथं दोन्ही भाऊ, पाच वर्षांत पहिल्यांदा, एका तोंडानं बोलले. "बागेतल्या उस्तादानं केली, हुजूर. त्येनंच आमच्या घरात आग लावली. काटेरी व्हती तवा आमी नुसतं भांडत व्हतो. आता डोकी फुटतील."

चैत्र लागता लागता उस्तादांना बोलावणं आलं. मी बरोबर गेलो. तहसीलदारांनी विचारलं, "दुसऱ्याच्या बांधावरचं झाड कुणाला विचारून कापलंस?"

"त्यांनाच विचारून, हुजूर."

"कुणाला? या भावांना?"

"झाडाला."

कचेरीत कुणी हसलं नाही, कारण तहसीलदार हसले नव्हते. त्यांनी हुकूम सांगितला तो साधा होता. सरकारी नोकरानं रयतेत भांडण लावलं आहे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत उस्तादांनी झाडाला चाकू लावायचा नाही. चाकू मुद्देमाल म्हणून जमा. आणि या एका बोरीपायी डोकं फुटलं, तर बाग बंद होईल, गडी आपापल्या गावी जातील, चार एकर जमीन घोडेस्वारांच्या वैरणीला दिली जाईल. उस्तादांनी कमरेचं म्यान सोडून टेबलावर ठेवलं. कचेरीतून बाहेर आल्यावर त्यांचा हात दोनदा कमरेशी गेला. परत येताना सहा कोस आम्ही एका दिवसात चालून आलो. मला त्याचीच भीती वाटली.

महिनाभर उस्ताद बागेत नुसते फिरायचे. पेरूशी बोलत नव्हते, पपईला वळसा घालत नव्हते. काकूंना मनातून बाग जाण्याची धास्ती होती. विहिरीशेजारचे ते वाफे त्यांनी मुरुमातून माती करून उभे केलेले होते. पण त्यांची माया शिव्यांतून यायची. एक दिवस त्या कमरेवर हात ठेवून उस्तादांपुढं उभ्या राहिल्या. "चाकू गेला व्हय? मग हे सोळा गडी काय मी भेंडी तोडायला जेवू घालते? तुमच्या हातात चाकू न्हाय. ह्यांच्या हातात हाय की."

उस्तादांनी वर पाहिलं. "हुकूम काय होता रे?" त्यांनी मला विचारलं.

मी उर्दूतला हुकूम आठवून सांगितला, की बागेच्या उस्तादानं चाकू लावू नये.

"सोळा लोकांचं त्यात काही लिहिलं नाही?"

"न्हाय."

"चांगला माणूस आहे तहसीलदार," उस्ताद म्हणाले. "सगळंच लिहीत नाही."

इथून पुढं तीन वर्षं खटला चालला. निजामाच्या कचेरीत खटला म्हणजे घाई करायची गोष्ट नव्हती. पेशी पडायची, मग पुढची पेशी पडायची. आणि इकडं दर चैत्राला, दर आषाढाला आम्ही गडी त्या दोन भावांच्या शिवारात. या खेपेला उस्तादांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, माणसांना विचारलं. थोरल्याकडं जाऊन म्हणाले, "तुझ्या बांधावरच्या रानबोरी गोड करून देतो, धाकट्याला सांगू नको." मग धाकट्याकडं जाऊन तेच. दोघांनीही लगेच होकार दिला. भावाला न सांगण्याची त्यांना सवय होतीच. उस्ताद काठीनं फुटवा दाखवायचे, "इथं, आप बरे दिसाल," असं बोरीला सांगायचे आणि आम्ही डोळा भरायचो. माकणीचा पाटील दुसऱ्यांदा शिकायला आला होता. त्यानं एकट्यानं मधल्या बांधावरच्या सात केल्या. हाताला काटे टोचून टोचून आमची बोटं अशी खरखरीत झाली होती, की घरी गेलो तेव्हा बायकोनं माझ्या हातात पुरणयंत्र न देता हातावरच पुरण वाटलं. उस्ताद स्वतः चाकूला शिवले नाहीत. फक्त एक काम सोडलं नाही. डोळ्याच्या खाली, रानबोरीच्या खुंटातून पुन्हा पुन्हा जंगली फुटवे येतात. ते ठेवले तर वरचं गोड उपाशी मरतं आणि दोन-चार वर्षांत झाड पुन्हा पहिल्यासारखं रानटी होतं. ते फुटवे उस्ताद बोटांनी खुडत जायचे. चाकूची मनाई होती, बोटांची नव्हती.

चौथ्या संक्रांतीला तहसीलदार पंचनाम्याला आले. टांगा रस्त्यावर सोडून, शेरवानी सावरत, पेशकाराला घेऊन बांधावर. दोन्ही भाऊ, उस्ताद आणि मी तिथं आधीच हजर होतो. पेशकारानं कागद वाचला, "वादातील वस्तू: दोन शेतांमधल्या बांधावरची एकुलती गोड बोर." आणि मान वर केली. बांधावर अकरा बोरी उभ्या होत्या आणि अकराही बोरांनी वाकलेल्या होत्या. डावीकडं थोरल्याच्या पलीकडच्या बांधावर तेच, उजवीकडं धाकट्याच्या बांधावर तेच. पोपटांना सुद्धा कुठून सुरुवात करावी ते समजत नव्हतं.

"यातली कोणती?" तहसीलदारांनी विचारलं.

थोरला पुढं झाला आणि त्यानं एका बोरीवर हात ठेवला. धाकटा म्हणाला, "ती न्हवं, ही," आणि दुसऱ्याच बोरीशी जाऊन उभा राहिला. दोघांनीही सगळ्यात जास्त लगडलेली निवडली होती, आणि ती प्रत्येकाच्या नजरेला वेगळी होती. तहसीलदारांनी थोरल्याला विचारलं. "तू म्हणतोस ती तुझी?"

"व्हय हुजूर."

"आणि तू म्हणतोस ती तुझी?"

"व्हय जी."

"मग तुमचं भांडण कशाचं आहे?"

भावांनी एकमेकांकडं पाहिलं. थोरल्यानं हळूच हात काढून घेतला. "तसं बघाया गेलं तर," तो म्हणाला, "आता तोडायलाच मानसं पुरत न्हाईत."

एवढ्यावर मिटलं असतं. पण तहसीलदार नियमाचा माणूस. ते उस्तादांकडं वळले. "तू तर ओळखतोस. तू केलेली कोणती ते दाखव. खरं सांग."

उस्ताद खोटं बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. बोट दाखवलं असतं तर कागदावर एक बोर आली असती, तिचा एक मालक ठरला असता, दुसऱ्यानं संध्याकाळपर्यंत कुऱ्हाड काढली असती आणि आमच्या बागेत घोडे चरले असते. वाऱ्यानं एक बोर पडलं, ते उस्तादांनी उचलून शेजारच्या धोंड्यावर नीट ठेवलं. मग म्हणाले, "ओळखतो, हुजूर. पण मी त्यांना आप म्हणतो. ज्यांना आप म्हणतो, त्यांना बोट दाखवून चारचौघांत उभं करत नाहीत."

तहसीलदारांनी त्या धोंड्यावरचं बोर उचललं, पुसलं, खाल्लं. मग दुसऱ्या झाडाचं खाल्लं. मग पेशकाराला सांगितलं, "लिहा. वादातील झाड जागेवर आढळून आलं नाही." पेशकारानं लिहिलं. शेरवानीच्या खिशातून त्यांनी म्यान काढलं आणि उस्तादांच्या हातात ठेवलं. मला विचाराल तर ते येतानाच घेऊन आले होते, यात सगळं आलं. उस्तादांनी म्यान कमरेला बांधलं आणि एक फांदी वाकवून म्हणाले, "जरा धर." तहसीलदारांनी ती पाव तास धरली.

बाग राहिली. पुढं काळच फिरला. आधी रझाकारांच्या भीतीनं आम्ही माणसं गाव सोडून रानोमाळ झालो, मग पोलीस ॲक्शन झाली आणि भिण्याची पाळी उस्तादांच्या घरावर आली. त्या दिवसांत एका सकाळी बागेच्या फाटकाशी दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. एक थोरल्याची, एक धाकट्याची. दोघांनी एकमेकांना न विचारता आणल्या होत्या, आणि उस्तादांना कुणी न्यायचं यावरून फाटकातच त्यांची जुंपली. काकू मध्ये पडल्या. उस्ताद थोरल्याच्या गाडीत बसले, बेगम आणि भांडी धाकट्याच्या. दीड महिना ती दोघं त्या बांधाजवळच्या जनावरांच्या कोठ्यात राहिली. गावानं विचारलं तर दोन्ही भाऊ सांगायचे, आमचा उस्ताद हाय, बोरीचं बघायला आलाय.

नंतर नव्या सरकारचं कुठलंसं खातं बागेच्या जागी आलं. गडी यायचे थांबले. काकूंनी वाफे उकरून माती आपल्या मळ्यात नेली, पाट्याच्या पाट्या. उस्तादांची लेक हैदराबादकडं होती. तिनं बोलावून घेतलं. पोचवायला मी स्टेशनावर गेलो. छोट्या गाडीनं शिट्टी दिली, बेगम डब्यात बसल्या, आणि उस्ताद गायब. बघतो तर सिग्नलजवळच्या बोरीपुढं उकिडवे बसलेले, खालचे फुटवे खुडत. गार्डानं हिरवं निशाण काखेत धरलं आणि तो वाट पाहत राहिला. तोही आमच्या बागेतून शिकून गेलेला होता. उस्ताद उठले, हात झटकले, मला म्हणाले, "खालचे खुडत जा. वरचं ते स्वतः बघतात." डब्यात चढताना त्यांनी एकदा मागं पाहिलं, ते माझ्याकडं नाही, बोरीकडं.

त्यांचं पुढं काय झालं ते पत्रानं कळलं, उशिरा. आता मला वाकवत नाही, तरी धाराशिवला जायचं झालं की मी मोटारीतून एक-दोन फाटे अलीकडंच उतरतो आणि चालत जातो. प्रत्येक बोरीपाशी थांबून खाली बघतो. पण आजवर मला फार काही खुडावं लागलेलं नाही. बहुतेक बोरींचे खालचे फुटवे माझ्या आधीच कुणीतरी खुडून गेलेलं असतं. कोण ते मला माहीत नाही. थोरला असेल, धाकटा असेल, माकणीच्या पाटलाचं कुणी असेल. खुंटाजवळच्या मातीत उकिडवं बसल्याच्या पायाच्या खुणा तेवढ्या दिसतात.